पॉलाचा चॅनेल

"ते नको. त्याच्या शेजारचं," एमिल म्हणाला. "ते दाबलंस तर चालू चॅनेल यादीतून उडेल."

लेनर्ड हुडॅकने अंगठा उचलला आणि चष्मा पुन्हा नाकावर चढवला. टेबलावर ते नवं यंत्र उभं होतं, मुठीत मावणारं, वर वीतभर एरियल. त्याची बायको आयरीन हिचा जुना स्कॅनर, बंबवाल्यांची आणि पोलिसांची रेडिओवरची बोलणी ऐकवणारा डबा, तीस वर्षं फ्रिजवर बसून खरखरत असे. बंब कुणाच्या दारी थांबला, ॲम्ब्युलन्स कुठल्या गल्लीत वळली, हे तिला घरबसल्या कळायचं, आणि लेनर्डला तिच्याकडून. गेल्या वर्षी काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाराने, सगळं डिजिटल केलं आणि तो डबा मुका झाला. नवा घेऊ, नवा घेऊ, असं आयरीन वर्षभर म्हणत राहिली. घेतला लेनर्डने, ती गेल्यावर सात आठवड्यांनी. का घेतला हे एमिलने विचारलं नाही. शेजारी म्हणून चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला तेवढी अक्कल होती.

"आता पडदा बघ. वरच्या ओळीत काउंटीचं नाव. मधे मोठ्या अक्षरात चॅनेल. त्याच्याखाली आकडा दिसतो तो बोलणाऱ्याच्या रेडिओचा. तो तू सोडून दे, तो माझ्यासारख्या चोंबड्यांसाठी आहे."

"अक्षरं मुंगीएवढी आहेत."

"मुंगी नव्हे, तुझे डोळे म्हातारे झालेत. शाळेचा बॉयलर तीस वर्षं सांभाळलास ना रे? त्याला किती व्हॉल्व होते?"

"चाळीस."

"मग ही बारा बटणं का जमेनात?"

"बॉयलर हाताला गरम लागायचा," लेनर्ड म्हणाला. "चुकलं की कळायचं."

एमिल हसला. लेनर्ड हसला नाही, पण रागावलाही नाही. हल्ली त्याला दोन्हीची तसदी वाटे.

"नीट ऐक," एमिल म्हणाला. "हा गडी दारोदार फिरतो. एका दारात बोलणं ऐकू आलं की थांबतो, संपलं की पुढच्या दारात. तुला एकाच दारात बसून राहायचं असेल तर हे 'होल्ड' दाब. नको असलेलं दार वगळायचं असेल तर हे शेजारचं. एकदा दाबलंस तर तात्पुरतं, बंद करून चालू केलं की परत येतं. पाठोपाठ दोनदा दाबलंस तर कायमचं. शाळेच्या बसवाल्यांची बडबड मी अशीच घालवली."

पडद्यावर 'फायर वेस्ट' उमटलं आणि आणीबाणीच्या ९११ केंद्रातून बंबवाल्यांना धाडणाऱ्या एका बाईचा आवाज स्वयंपाकघरात आला. मिल रोड, घराचा नंबर, वय अठ्ठ्याऐंशी, पडून दुखापत. शांत, सरळ आवाज.

"तुझी लेक," एमिल म्हणाला.

लेनर्डने मान हलवली आणि 'होल्ड' दाबलं. ते मात्र त्याने पहिल्याच फटक्यात बरोबर दाबलं.

निघताना एमिल दारात थांबला. "महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये सीपीआरचा वर्ग आहे, छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालू करायचं शिकवतात. तू ये आणि दोन शब्द बोल. एकाहत्तराव्या वर्षी चौदा मिनिटं छाती दाबत राहायचं म्हणजे काय खेळ आहे? मी सातव्या मिनिटाला आयरीनच्या शेजारी आडवा झालो असतो."

"बघू," लेनर्ड म्हणाला.

चौदा मिनिटं. सगळ्या गावाच्या तोंडी तो आकडा होता. शुक्रवारच्या फिश फ्रायला, तळलेल्या माशांच्या गावजेवणाला, फायर हॉलमध्ये त्याच्याकडून कुणी पैसे घेईनात. दफनाच्या दिवशी बंबवाल्यांच्या प्रमुखाने दोन्ही हातांनी त्याचा हात दाबला होता. लेनर्डने प्रत्येक वेळी "हं" म्हटलं आणि मासा खाल्ला. चव लागत नव्हती.

घडलं होतं ते असं. आयरीन दुपारी सिंकपाशी कोसळली. त्याने ९११ लावला आणि पलीकडे नेमकी पॉला, त्याची लेक. तिने पत्ता विचारला. त्या घरात ती जन्मली होती, वाढली होती, पण नियम म्हणजे नियम. त्याने रस्त्याचं नाव आणि नंबर सांगितला. मग ती म्हणाली, "फोन स्पीकरवर टाका. छातीच्या मधोमध तळहात. जोरात दाबा आणि मोठ्याने मोजा, माझ्याबरोबर." एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. तो दाबत होता, ती मोजत होती, तो मोजत होता. चौथ्या मिनिटाला त्याच्या हाताखाली काहीतरी मोडलं. आवाज झाला. लेनर्डने आयरीनच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचे हात थांबले. ते पुन्हा म्हणून हलले नाहीत. त्याने तिचा वर सरकलेला झगा खाली ओढला, गुडघे झाकले, तिचा हात हातात घेतला, आणि मोजत राहिला. मोठ्याने, लेकीबरोबर. एक, दोन, तीन, चार. दारात ॲम्ब्युलन्सची माणसं येईपर्यंत दहा मिनिटं तो नुसता मोजत होता.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची एकच व्यक्ती होती आणि तिच्याशीच बोलवत नव्हतं. पॉलाचा फोन आला की तो वाजू द्यायचा. ती दाराशी आली तर "झोपलो होतो" म्हणायचा, चहा न विचारता उभ्याउभ्या बोलायचा. मग तिचं येणंही कमी झालं. पण रोज दुपारी तीनला तिची पाळी सुरू झाली की तो टेबलाशी बसायचा, 'होल्ड' दाबायचा आणि अकरा वाजेपर्यंत लेकीला ऐकायचा. ती कुणाकुणाच्या घरी माणसं धाडत असे. ते ऐकताना त्याला बरं वाटत नसे, वाईटही वाटत नसे. ती आहे एवढं कळायचं.

एका रविवारी सूप ढवळताना तिचा आवाज आला. होल्ड करायला तो धावला, हात ओला होता, अंगठा घसरला. त्याने घाईने दोनदा दाबलं. यंत्र गप्प झालं.

त्याला वाटलं, संपलं असेल बोलणं. सोमवारी स्कॅनर सगळ्या दारांतून फिरला. रस्त्यावरचे ट्रक बोलले, पोलीस बोलले, पाण्याच्या खात्याचे दोघे जेवायला कुठे जायचं यावरून भांडले. पॉला नाही. रजा असेल. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. त्याने यंत्र बंद करून चालू केलं, बॅटरी बदलली, आवाजाची कळ टोकापर्यंत फिरवली. पडद्यावरची नावं एकेक करून वाचली, पण कुठलं नाव कमी आहे ते त्याच्या लक्षात येईना. एमिलला विचारावं, तर तो ओहायोला बहिणीकडे गेलेला. बुधवारी रात्रीच त्याने आठ आठवड्यांत पहिल्यांदा पॉलाचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं, आणि ती भीती होती.

गुरुवारी सकाळी दहाला तो अकरा मैल गाडी हाकत तिच्या दारात उभा राहिला. एका हातात स्कॅनर.

दार उघडलं. समोर पॉला, अंगावर झगा, केस विस्कटलेले, पायात मोजे. "बाबा? काय झालं?"

"तू कामावर नाहीस."

"कालच होते की. अकराला सुटले. तू फोन केलास तेव्हा एक बाळंतीण लाइनवर होती. घरी येऊन पाहिलं तोवर बारा वाजले होते, म्हणून उठवलं नाही." तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. "हे काय आहे?"

"आवाज येत नाही तुझा. रविवारपासून."

त्याच्या हातातून यंत्र घेऊन तिने त्याला आत नेलं, टेबलापाशी बसवलं, कॉफी ओतली. मग मेनू उघडून खाली खाली गेली. "हे बघ. 'फायर वेस्ट'पुढे खूण आहे ना? हा चॅनेल वगळला गेलाय. तू दोनदा दाबलंस."

"अंगठा घसरला."

"होतं असं. इकडे ये, परत कसा आणायचा दाखवते. मेनू, मग हे चाक फिरव. नाही, दाबू नको, फिरव. आता दाब."

त्याने दाबलं. खूण गेली.

"रोज ऐकतोस?" पॉलाने विचारलं.

"तीन ते अकरा."

"आणि माझा फोन उचलत नाहीस."

लेनर्डने कॉफीचा कप बाजूला सरकवला. इथवर आलोच आहोत, असं त्याला वाटलं. "मी थांबलो होतो, पॉला," तो म्हणाला. "चार मिनिटांनंतर मी दाबलं नाही. नुसता मोजत होतो."

"माहीत आहे."

त्याने मान वर केली.

"एकोणीस वर्षं मी लोकांना मोजताना ऐकते आहे, बाबा. जो दाबतो त्याचा आकडा तुटतो. एक, मग दम, दोन, मग दम. तुझे आकडे तुटायचे थांबले. सरळ यायला लागले. मला त्याच क्षणी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. जोरात दाबा, सर, म्हटलं. तू ऐकलं नाहीस. मग मला कळेना, तुला ओरडून काय सांगायचं. मोजणं थांबवलं असतं तर फोनवर काहीच उरलं नसतं. तू मोजत होतास म्हणून मी मोजत होते."

"दाबत राहिलो असतो तर?"

"डॉक्टर म्हणतात, काही झालं नसतं. मला माहीत नाही. खोटं बोलणार नाही तुझ्याशी. तीन आठवडे मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. नंतर राग गेला, म्हणून फोन करायला लागले, तर तू उचलेनास."

लेनर्डचे डोळे कोरडे होते. त्याने हात मांडीवर ठेवले.

"लोक चौदा मिनिटं म्हणतात," तो म्हणाला. "शनिवारी एमिलने बोलायला सांगितलंय."

"फोन चौदा मिनिटं चालू होता, एवढंच मी लिहिलंय. बाकीचं लोकांनी जोडलं. मी खोडलं नाही, एवढी माझी चूक." तिने त्याच्यापुढे टोस्ट सरकवला. "नको जाऊस. मी कळवते एमिलला."

"मीच कळवतो."

दुपारी घरी आल्यावर त्याने ओहायोचा नंबर लावला. "शनिवारी येतो," तो एमिलला म्हणाला. "पण चार मिनिटं. चौदा नव्हे. पुढचं मला जमलं नाही. तेच सांगेन, चालत असेल तर."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच एमिलने चेष्टा केली नाही. तो एवढंच म्हणाला, "चालेल. ये तू."

तीन वाजायच्या आत लेनर्ड टेबलाशी बसला. 'होल्ड' दाबलं. पडदा बराच वेळ नुसताच उजळलेला होता. मग मोठ्या अक्षरांत 'फायर वेस्ट' उमटलं, आणि आवाज लगेच आला नाही. तिने बोलण्यासाठीची पायाखालची कळ दाबली होती, बोलायला सुरुवात केली नव्हती. त्या अर्ध्या क्षणात लेनर्डला पहिल्यांदाच तिने आत ओढलेला श्वास ऐकू आला. मग पत्ता, वय, छातीत दुखतंय, तोच शांत, सरळ आवाज.

तो खुर्ची पुढे ओढून, यंत्राला कान लावून बसला. थोड्या वेळाने अक्षरं पुन्हा उमटली. पत्त्याच्या आधी तिने पुन्हा श्वास घेतला.