हंगाम चालू आहे

निसर्गापुढे माणसाचे काही चालत नाही आणि ऋतू कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. बंदर कार्यालयात मात्र ते थांबत. तिथे वादळी हंगाम साहेबांच्या सहीने सुरू होई आणि साहेबांच्याच सहीने संपे. साहेब दौऱ्यावर असले, तर मधल्या काळात काय करायचे ते समुद्राने आपले आपण पाहून घ्यावे, अशी पद्धत होती.

"म्हणजे यंदाही नाही?" बावटेवाल्याने विचारले.

हेडक्लार्कने त्याचा रजेचा अर्ज टेबलावरून त्याच्याकडे परत सरकवला. "हंगाम चालू आहे."

"ऐन थंडीत?"

"कुठाय थंडी?" हेडक्लार्कने डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे बोट केले. त्या मुद्द्यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. बावटेवाल्याच्या स्वतःच्या कपाळावर घाम होता.

त्याचे काम सांगायला सोपे होते. बंदरामागच्या टेकाडावर एक उंच लोखंडी काठी होती. वादळाचा इशारा आला की काळ्या ताडपत्रीचा बावटा दोरीने तिच्या टोकाशी चढवायचा, वादळ सरले की उतरवायचा. बावटा पाहून मच्छीमारांनी होड्या माघारी वळवायच्या. वडिलांच्या जागी तो चिकटला, काठीच्या पायथ्याशी दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्याने संसार मांडला आणि हयात समुद्राला इशारे देण्यात घालवली. स्वतः मात्र तो समुद्रावर एकदाही गेला नव्हता. त्याला होडी लागायची. धक्क्यावर उभे राहूनसुद्धा मळमळे.

वादळी हंगामात बावटेवाल्याला रजा नाही, हा नियम वडिलांच्या वेळचा. तेव्हा त्यात जाच काही नव्हता, कारण तेव्हाचा हंगाम भल्या पाहुण्यासारखा होता. सांगून यायचा आणि कंटाळा यायच्या आत उठायचा. वारा फिरला, पाणी निवळले की मोकळे महिने लागत. बंदरातल्या माणसांची लग्ने, दाढा काढणे, हर्नियाची ऑपरेशने, सासुरवाडीशी भांडणे, सगळे त्या महिन्यांत उरकून घेतले जाई. नव्या जोडप्यांची पहिली मुले पुढे ऐन वादळात जन्मत, आणि याला हवामानाखेरीज दुसरे कारण नाही हे सगळ्यांना ठाऊक होते.

मग हवेचे काहीतरी बिनसले. एका वर्षी हंगाम संपल्यावर पंधरवड्याने वादळ आले. साहेबांनी हंगाम पंधरवडा लांबवला. पुढे एकदा ते हंगाम लागायच्या आधीच येऊन गेले. त्या वेळच्या साहेबांनी हंगाम अलीकडे ओढला. साहेब बदलत गेले, पण ओढलेला हंगाम परत आखडायला कुणी धजेना. आखडला आणि नेमके तेव्हाच वादळ आले तर जबाबदार कोण? असे करता करता हंगामाचे शेपूट हंगामाच्याच तोंडात गेले आणि मोकळे महिने संपले.

"ज्यात वादळ आलं तो महिना वादळी," हेडक्लार्क समजावून सांगे, "आणि ज्यात नाही आलं तो संशयित."

बावटेवाला अर्ज खिशात घालून घरी आला, तेव्हा बायको मोबाईल भांड्यांच्या फळीला टेकवून बसली होती. पडद्यावर नात होती. लेक लग्न होऊन आत घाटावर, रेल्वेने एका दिवसाच्या वाटेवर गेली होती. बायको वर्षातून एकदा एकटीच जाऊन येई. नातीला चार वर्षे झाली तरी बावटेवाल्याने तिला हात लावला नव्हता. तिच्या दृष्टीने आजोबा हा छातीपर्यंतचा माणूस होता आणि तो फोनमध्ये राहत असे.

"आजोबा, तुम्हाला पाय आहेत?"

"आहेत की."

"दाखवा."

त्याने मोबाईल उचलून खाली धरला. पायांवर आधीच अंधार होता.

"नाहीच आहेत," नात म्हणाली आणि खेळायला गेली.

मग लेक समोर आली. "बाबा, ह्यांचं परदेशातल्या नोकरीचं नक्की झालं. महिनाअखेर आम्ही निघतोय. तीन-चार वर्षं तरी येणं व्हायचं नाही. तुम्ही येताय ना? का बावटाच पाठवताय पार्सलनं?"

"बघतो."

"बघतो नको, बाबा. माझ्या बारावीपासून बघताय तुम्ही."

फोन ठेवल्यावर बायको मोबाईल पदराने पुसत राहिली. मग खिडकीतून दिसणाऱ्या काठीच्या बुडख्याकडे पाहत म्हणाली, "सवत असती, तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. हिचं काय करू? आधीच गंजलीय."

"अगं, नोकरी आहे."

"आपलं लग्न झालं तेव्हा याच दिवसांत एका रजईत थंडी भागत नव्हती. तुम्हाला पंधरा दिवस रजा होती. थंडी गेली ती गेली, जाताना तुमची रजाही घेऊन गेली."

यावरही बोलण्यासारखे काही नव्हते. बावटेवाल्याच्या आयुष्यात असे मुद्दे पुष्कळ जमले होते.

त्याच आठवड्यात कार्यालयात परिसंवाद होता. विषय, 'बदलते ऋतुमान : काल आणि आज'. साहेब तरुण होते, अभ्यासू होते आणि या विषयावर बोलण्यासाठी हंगाम चालू असतानाही देशोदेशी जाऊन येत. हॉलमध्ये एसी इतका सोडला होता की श्रोत्यांना पूर्वीच्या थंडीची कल्पना यावी. साहेबांनी पडद्यावर लाल-निळ्या रेघा दाखवल्या. रेघा बरोबर होत्या. बावटेवाल्याने त्यातली एकूण एक भोगली होती. शेवटी साहेब म्हणाले, "आता आपले सर्वांत जुने कर्मचारी दोन शब्द सांगतील. बोला. पूर्वीचं हवामान आणि आत्ताचं, काय फरक जाणवतो?"

बावटेवाल्याच्या हातात माईक आला. पहिल्या रांगेत राजधानीहून आलेले मोठे साहेब बसले होते. त्याने घसा साफ केला, तो माईकमधून हॉलभर साफ झाला.

"पूर्वी थंडीत रजा मिळायची," तो म्हणाला. "आता नाही मिळत."

आणखी काही आहे का म्हणून हॉल थांबला. नव्हते. मग मोठे साहेब मोठ्याने हसले, त्यामुळे सगळेच हसले. "यांना रजा द्या हो कुणीतरी," मोठे साहेब डोळे पुसत म्हणाले. ती गंमत होती. पण मोठ्या साहेबांची गंमत आणि हुकूम यांत फरक करण्याची जोखीम कोण घेणार? संध्याकाळच्या आत पाच दिवसांची रजा मंजूर झाली. तेवढ्यापुरता काठीचा भार हेडक्लार्ककडे दिला गेला.

निघण्याआधी बावटेवाल्याने त्याला टेकाडावर नेले आणि सगळे दोनदा समजावले. दोरीची ही गाठ अशी, कप्पी अडली तर तेल इथे, वारा डावीकडून असला तर बावटा आधी उलटा धरायचा.

"लहान मूल सोपवल्यासारखं करताय," हेडक्लार्क धापा टाकत म्हणाला. "जा आता. तुमचा समुद्र कुठे पळून जात नाही."

लेकीच्या घरी तो बायकोसह पोचला तेव्हा नात दारामागे लपली. बावटेवाल्याने काही न बोलता बूट काढले, मोजे काढले आणि खुर्चीवर बसून पाय समोर पसरले. नात आली. तिने आधी एका अंगठ्याला बोट लावून पाहिले, मग दुसऱ्या.

"दोन आहेत," तिने आईला कळवले.

तेव्हापासून ती त्याच्या पायांवर बसून होती. घरभर खोकी बांधायला काढली होती, आणि कुठल्याही खोक्याला हात लागला की बावटेवाला दोरीची गाठ सोडून परत नीट बांधून देई. बायको ते लांबून पाही आणि लेकीला खुणेने दाखवी. रजेच्या तिसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर समुद्र दिसला. त्याच्याच बंदराच्या दिशेने पांढरे भोवरे सरकत होते.

त्याने नातीला उचलून सोफ्यावर ठेवले आणि फोन लावला. हेडक्लार्कने उचलला नाही. संध्याकाळी नाही, जेवणानंतर नाही. बायको म्हणाली, "अहो, दुसरा माणूस आहे ना तिथं?" तो म्हणाला, "म्हणून तर." सकाळी बातम्यांत वादळ किनारा घासून निघून गेले होते. त्यानंतर फोन लागला.

"बावटा चढवला होता?"

"कसला?" हेडक्लार्क अजून जांभया देत होता. "अरे हो. राहिलंच की ते. धावपळ झाली इथं, विचारू नका."

बावटेवाल्याने टीव्हीचा आवाज बंद केला. "होड्या?"

"सगळ्या आत. परवाच आल्या. आता प्रत्येकाच्या मोबाईलवर निरोप जातो ना. कुणाचं काही नुकसान नाही."

"पण काठीवर बावटा नाही म्हटल्यावर एखादा तरी..."

"अहो, कोण बघतंय? नवं गोदाम झालं तेव्हापासून ती काठी पाण्यावरून दिसतच नाही. फक्त गावातून दिसते." पलीकडची जांभई अर्ध्यावर थांबली. "तुम्हाला माहीत होतं ना?"

गोदाम होऊन बारा वर्षे झाली होती. काठीच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले, तर ती पूर्वीइतकीच उंच दिसे.

"कोण होतं?" बायकोने विचारले.

"हेडक्लार्क. सगळं ठीक आहे म्हणाला."

"मग आता राहा निवांत. पोरी जाईपर्यंत राहा. कळवून टाका, येत नाही म्हणून. इतक्या वर्षांत एकदा."

बावटेवाला खुर्चीवर बसला. नात येऊन परत त्याच्या पायांवर बसली आणि त्याने तिच्या बुटाच्या नाडीची गाठ सोडून नीट बांधली. मग पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली.

रजेच्या पाचव्या दिवशी सकाळीच तो कामावर हजर झाला. हंगाम चालू होता.