दोन सेंटीमीटर जास्त

मनस्विनीची लाकडी फूटपट्टी मोरीतल्या छोट्या निळ्या ड्रममध्ये उभी धरली, तेव्हा पाणी चौदा सेंटीमीटरला लागलं. चारुताच्या अंदाजानं ते बाराला लागायला हवं होतं. पाच दिवसांत दोन सेंटीमीटर वाचले म्हणजे आपण काटकसर बरी करतो, असं मनाशी म्हणत तिनं कॅलेंडरवर आकडा लिहिला.

२०१६ चा एप्रिल होता. औरंगाबादेत मुकुंदवाडी स्टेशनपलीकडं, कालपरवापर्यंत जिथं ज्वारी होती तिथं उठलेल्या इमारतीत त्यांचा फ्लॅट. बोअर फेब्रुवारीतच आटलेला. नळ सहाव्या दिवशी यायचा आणि आज सहावा दिवस होता.

नाशिकहून नणंद पद्मजाताई दर आठवड्याला सांगायची, "पोरांना इकडं पाठव गं. शाळेचंही बघते मी." चारुता म्हणायची, "बघू." तिला स्वतःला हलता येत नव्हतं. सासरे अनंतराव, त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. आणि पोरांशिवाय या घरात दिवस कसा काढायचा, याचं उत्तर तिच्या एमएस्सीत कुठं शिकवलेलं नव्हतं.

ती पोळ्या लाटत होती, तेवढ्यात मोरीत धाडकन आवाज झाला.

ड्रम आडवा पडला होता. सहा वर्षांची मनस्विनी हातात घासणी घेऊन उभी, आणि तीन वर्षांचा हिमांशू पाण्यात पोटावर पसरलेला.

"आई, शिळं पाणी ओतलं! नळाच्या दिवशी आजी असंच ओतून ड्रम घासायची. आजोबांनी सांगितलं."

"मी नुसती आठवण सांगितली गं!" बाहेरच्या खोलीतून अनंतराव ओरडले. "तिचा लगेच अंमल करायला कुणी सांगितलं?"

चारुताचा हात उगारला गेला. तेवढ्यात हिमांशूनं फरशीवर अंग घुसळत जाहीर केलं, "मी म्हैस!"

"म्हशीला घासावं लागतं," म्हणत मनस्विनीनं घासणी त्याच्या पाठीवर फिरवली. तो इतका खिदळला की त्याला उचकी लागली.

उगारलेला हात चारुतानं खाली घेतला आणि ती ओल्यातच बसली. गाऊन भिजला, पाठ गार झाली. तिघं मिळून फडक्यानं पाणी टिपून बादलीत पिळू लागली, कोण जास्त पाणी पिळतं याची शर्यत लागली. अर्धी बादली गढूळ पाणी जमलं, संडासापुरतं. कितीतरी दिवसांनी ती मोठ्यानं हसत होती. पोळी करपल्याचा वास आला, तरी ती लगेच उठली नाही.

दुपारी नळ सोडला. त्यातून नुसती हवा फुसफुसली. शेजारच्या सरूबाई जिन्यातूनच म्हणाल्या, "मोठी लाइन फुटली म्हणं. आता परवाच." घरात प्यायचा एक हंडा तेवढा उरला होता.

संध्याकाळी मनस्विनी शाळेतून आल्यावर तिची पाण्याची बाटली चारुतानं उचलली. ती भरलेली होती.

"पाणी प्यायली नाहीस?"

"मी रोजच नाही पीत. घरी आणून ड्रममध्ये ओतते. पट्टीवर तुला जास्त दिसतं ना, मग तू खूश होतेस."

बाटली अर्ध्या लिटरची. पाच दिवसांचे अडीच लिटर. ड्रमच्या तळाच्या मानानं दोन सेंटीमीटर.

"शू कधी केलीस?"

"सकाळी."

चारुतानं तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटीची घडी लगेच मोडली नाही; पोरीच्या अंगात पाणीच कमी होतं. मग बाटली तिच्या तोंडाला लावून, शेवटचा घोट जाईपर्यंत ती तिथंच उकिडवी बसून राहिली. खाटेवरून अनंतराव हे सगळं पाहत होते.

कंपनीतून चारुताचा नवरा शंतनू आला तो खांद्यावर पाण्याचा जार घेऊनच. जार उतरवत म्हणाला, "ताईचा परत फोन होता. बघू म्हणून सांगून टाकू?"

"नको," चारुता म्हणाली. "रविवारी दोघांना नाशिकला सोडून ये. मनूचा शाळेचा दाखलाही काढून घे."