रिकामा तीन नंबर

गोव्यात हरमलला बाबलीमामाचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता, तेव्हाची ही गोष्ट. मामा मालक आणि मी, त्याचा भाचा गौरेश, तिथला रेकॉर्डिंगवाला. म्हणजे काम बटणं फिरवायचं आणि तोंड चालवायचं. दुसऱ्या कामात मी पटाईत होतो.

मुख्य बटण एका पेटीवर होतं. पेटीच्या एका बाजूला गिटारचे दोन अ‍ॅम्प जोडलेले, त्यांतला एक वाल्वचा; दुसऱ्या बाजूला मागच्या खोलीत गाद्यांच्या आड ठेवलेले चार मोठे स्पीकर. बटण फिरवलं की हवा तो अ‍ॅम्प हव्या त्या स्पीकरवर वाजायचा, वायरी काढा-घाला करायला नको. ही पेटी महेशने बनवली होती. तो घाटावरचा, खानापूरकडचा. तुयेच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळायचा आणि रविवारी सायकल मारत आमच्याकडे कामाला यायचा. कारखान्यातलं त्याचं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं. "दिवाळी सरली की तुका हय कायमचो घेतंय," असं मामा त्याला म्हणाला होता. तेवढ्या शब्दावर त्याने गावाहून बायकोला, राणीला, आणलं आणि तुयेत खोली घेतली.

त्या सीझनला मामाने तिसरा स्पीकर किनाऱ्यावरच्या एका शॅकला, म्हणजे झोपडीवजा हॉटेलला, वापरायला देऊन टाकला. पेटीवरची तीन नंबरची जागा रिकामी पडली. महेश मला म्हणाला, "भाऊ, तीनवर चिकटपट्टी लावा की. तो वाल्वचा अ‍ॅम्प जोरात वाजत असताना बटण रिकाम्या जागी ऱ्हायलं तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो बघा."

"माका खबर आसा," मी म्हणालो.

खबर बिबर काही नव्हती. पट्टीही लावली नाही, कारण सांगणारा घाटी होता. हा शब्द मी तेव्हा सर्रास वापरायचो, म्हणून आता लपवत नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी हणजुण्याचा एक गिटारवाला आला. वाल्वचा अ‍ॅम्प पूर्ण आवाजात लावला. तो माझ्या शेजारी बसून वाजवत होता आणि मी बटण फिरवून एकेक स्पीकर ऐकवत होतो. मामा मला कौतुकाने कानसेन म्हणायचा, ते डोक्यात गेलेलं. एक झाला, दोन झाला, आणि चारवर जाण्याआधी मी त्याला दोन्हींतला फरक समजावून सांगायला लागलो. हात बटणावर, बटण तीनवर, तोंड चालूच. आवाज येईना म्हणून तो बिचारा तारा आणखी जोरात छेडत राहिला. मग जळका वास आला. मी झटकन बटण चारवर नेलं, पण अ‍ॅम्प गेला होता.

मामा धावत आला. "काय झाला रे?"

बटण चारवर होतं. गिटारवाल्याला त्यातलं काही कळलं नव्हतं. मी म्हणालो, "म्हेशाचा सोल्डरिंग सुटलेला दिसता. घाटी तो, गडबडीत कसाय जोडून जाता."

मामाने पेटी उघडूनसुद्धा बघितली नाही. घाटी म्हटल्यावर त्याला पटलंच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण मला बोंबही मारावी लागली नाही. हळू आवाजात सांगून भागलं, याचीच आज जास्त लाज वाटते.

रविवारी महेश आला तेव्हा मामाने त्याला माझ्यासमोर झापलं. "असल्या कामार तुका कायमचो कसो घेव?" असंही म्हणाला. महेशने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी लगेच खाली वाकून वायरी गुंडाळायला लागलो.

"अ‍ॅम्प आन् पेटी दुरुस्तीला घेऊन जातो, साहेब," एवढंच तो म्हणाला.

पुढचे पाच रविवार तो आला नाही. सहाव्याला रिक्षातून दोन्ही घेऊन आला. ट्रान्सफॉर्मर त्याने स्वतःच्या हाताने नव्याने गुंडाळला होता. अ‍ॅम्प सुरू केला तर अगदी पहिल्यासारखा वाजला. मामा खूष झाला. महेश आत पेटी बसवायला गेला तेव्हा मामाने मला बाजूला घेतलं.

"चूक केल्यान, पण भरून काढल्यान. घेवया तेका? तेच्याबरोबर काम तुका करूचा आसा, तू सांग."

मला नुसतं हो म्हणायचं होतं. पण डोळ्यांसमोर आलं ते एवढंच, की हा माणूस रोज सकाळी समोर बसणार आणि रोज मला खाली वाकून वायरी गुंडाळाव्या लागणार.

"फुडल्या सीझनाक बघूया, मामा," मी म्हणालो.

मामाने मान डोलावली आणि बाहेर शॅकवाल्याला फोन लावायला गेला. मी आत गेलो. महेश पेटीचं झाकण लावत होता.

"काय म्हणाले साहेब?" त्याने विचारलं.

"मामा नको म्हणता."

एक खापर महेशच्या डोक्यावर फोडून झालं होतं, हे दुसरं मामाच्या. शरम वाटत होती, पण शरमेने माझी जीभ कधी अडली नाही.

"मग मार्चात जातो आम्ही गावाकडं," महेश म्हणाला. झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळला आणि हत्यारं पिशवीत भरली.

"तीन नंबरला आतनं स्पीकरच्या बदली लोड बसवलाय, भाऊ," जाता जाता तो म्हणाला. "आता तुमचं बटण तिथं ऱ्हायलं तरी काय जळत न्हाई."

मामा बाहेर दहा पावलांवर फोनवर बोलत होता. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती, महेशलाही. मी बटण एकवर आणून ठेवलं आणि रिक्षा सुरू होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.