चिपेच्या पायातलं तूस

रेणुकानं कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवला आणि चिपेच्या पाठीवरून फिरवला. बोळा काळा झाला. तिनं दुसरी चिप घेतली, तिसरी घेतली, बोळे काळेच. रंग गेला तिथं खाली वेगळाच नंबर होता आणि साल नऊ वर्षांपूर्वीचं. भंगारातली चिप घासूनपुसून, वर रंग मारून नवी म्हणून आली होती.

रेणुका आलेला माल तपासायची, त्या तळेगावच्या कंपनीत गॅसगळतीचे अलार्म बनायचे. चिपा तयार करणाऱ्या कारखान्यांत असले गॅस वापरतात, की वास येईपर्यंत माणूस आडवा झालेला असतो. त्याआधी बोंब मारायची ती या अलार्मनं, आणि अलार्मचं सगळं डोकं या नखाएवढ्या चिपेत.

"रेणुकाताई, कागद बरोबर आहेत ना? मग सोडा की माल," सुपरवायझर निलेश म्हणाला.

"रंग जातोय, सर. खाली जुनं साल निघतंय."

"सप्लायर म्हणेल, या आमच्या चिपाच नव्हेत. उद्या दहापर्यंत ठोस काहीतरी दाखवा, मी स्वतः परत पाठवतो. नाहीतर लाइन थांबवता येणार नाही. ऑर्डर तुमच्या संदेशभाऊंच्याच कारखान्याची आहे."

हे तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. संदेश, तिचा नवरा, त्या कारखान्याच्या गॅसच्या खोलीतच ड्यूटीला होता. निलेश काही वाईट माणूस नव्हता. वरच्यांना टरकून असायचा, एवढंच.

तो गेल्यावर तिनं आणखी एक चिप भिंगाखाली धरली. तिच्या दोन धातूच्या पायांच्या बेचक्यात काहीतरी अडकलं होतं. चिमट्यानं काढलं तर भाताचं तूस, आणि तुसावरही तोच काळा रंग. म्हणजे रंग मारण्याआधीच ते तिथं अडकलं होतं. रेणुकानं ते कागदाच्या पुडीत बांधलं आणि तिला घरचं सूप आठवलं.

मावळात भात कुणाच्या घरी नसतो, असं स्वतःला समजावत ती दुपारी टाकव्याला घरी पोचली.

ओसरीवर सासूबाई, अंबूबाई, सूप घेऊन बसल्या होत्या. गावातला टेम्पोवाला बाजीराव दोन महिन्यांपासून त्यांना कुठल्याशा कंपनीचे पार्ट धुवायला आणून द्यायचा. म्हातारीचा वेळ जातोय ना, मग झालं, म्हणून रेणुकानं कधी डोकावूनही पाहिलं नव्हतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो हाच.

सुपात चिपा वाळत होत्या. धुतलेल्या, एकेकीचे पाय सरळ केलेल्या.

"बग, एक तरी पाय वाकडा दिसतोय का?" अंबूबाई म्हणाल्या. "बाजीराव म्हनतो, तुमच्यावानी हात कुनाचा न्हाई."

त्या अशा कौतुकानं सांगत होत्या, की रेणुकाला बोलणं जड गेलं. तरी ती शेजारी बसली, कागदाच्या पुडीतलं तूस तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. संदेशचं नावही लपवलं नाही.

अंबूबाईंचा सुपावरचा हात थांबला.

"म्हंजी मी धुतलेलं माज्याच लेकाच्या उशाला?"

"व्हय, आत्या."

"अन् तू काय लिवनार?"

"माल खोटा हाय, येवढंच. तुमचं नाव न्हाई यायचं. पर या येका तुसावर कोन इश्वास ठेवनार?"

सुपावर फडकं टाकून अंबूबाई आत गेल्या. संध्याकाळी संदेश जेवायला बसला, तेव्हा त्याच्या ताटात त्यांनी न विचारता दोनदा भात वाढला.

सकाळी रेणुका कंपनीच्या बससाठी फाट्यावर आली, तर अंबूबाई आधीच उभ्या. ठेवणीतलं लुगडं, काखेला चिपांसकट फडक्यात बांधलेलं सूप.

"आत्या, तुमी कुटं?"

"तुज्या सायबाकडं. तूस येकटं काय बोलनार?"

"अवो, तुमालाच विचारतील सगळं."

"इचारू दे की."

बस आली. त्यांनी आधी सूप आत दिलं, मग दांडीला धरून चढल्या. ड्रायव्हर हसत म्हणाला, "मावशी, कंपनीत भात पाखडायला चाललाय व्हय?"

अंबूबाई हसल्या नाहीत. सूप मांडीवर घेऊन बसल्या आणि बस हलल्यावर रेणुकाला म्हणाल्या, "कागद काड. हितंच लिवून घे, तितं मला सुदरायचं न्हाई. अंबूबाई दत्तोबा गराडे, टाकवे बुद्रुक. धुतलं मी. अन् त्याखाली बाजीरावाचं लिव."