लोरेटाचा हात

हेस्टिंग्ज रस्त्यावर नशा करणाऱ्यांना नर्सच्या देखरेखीखाली सुई घेता येईल अशी एक खोली होती, आणि तिथे एक नियम फार कडक होता: आपली सुई आपणच टोचायची. नर्स शेजारी उभी राहील, धीर देईल, श्वास अडला तर माणूस परत आणेल. पण सुईला हात लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावूही देणार नाही. लोरेटाची पंचाईत इथेच होती. इतकी वर्षं नशा करूनही तिला स्वतःला टोचता येत नव्हतं. ते काम तिच्या जोडीदाराचं, डॅरिलचं.

आणि डॅरिल ते फुकटात करत नसे. भांडण झालं की तो तिला ताटकळत ठेवायचा. तिचं अंग मोडून यायचं, नाकडोळे गळायचे, ती गयावया करायची. मग साहेब सिगारेट सावकाश संपवून तिचा हात हातात घ्यायचे. त्यानं कधी मारलं, तरी ती जाणार कुठे? तिच्या हातातली शीर त्याला ठाऊक होती, तिला नव्हती. म्हणून तिला हे शिकायचं होतं. लोक नशा सोडून सुटतात, ही नशा करायला शिकून सुटणार होती. ज्याला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं.

गल्लीत दोघांचा रिवाज ठरलेला. आधी तो घेणार, ती जागी राहून त्याच्यावर नजर ठेवणार. तो भानावर येऊन बोलायला लागला की मग तिला देणार. पण खोलीत शिरायला डॅरिल तयार नव्हता.

"मला नाही लागत आया," त्या दुपारी मागच्या गल्लीत भिंतीला टेकत तो म्हणाला. "जा तू. काल-परवासारखी रडत येशील पाच मिनिटांत. आहे मी इथेच."

आत ग्वेन होती. नर्स, हाडापेरानं दणकट, जिभेनं तिखट.

"आलीस? आज रडू नकोस बाई, माझे रुमाल संपलेत."

"आजही शीर सापडली नाही तर गं?"

"तर परत शोध. कुठे गाडी चुकणार आहे? इथे पोलीस येत नाही, कुणी हिसकावून घेत नाही. बस. हात गरम कर आधी."

घाई नाही, हे लोरेटाला नवीनच होतं. कोमट पाण्याखाली हात धरून ती नुसती उभी राहिली. मग बसून बोट फिरवत राहिली, आणि बोटाखाली काहीतरी मऊसं, जिवंत लागलं.

"ही?"

"हीच. तुझीच आहे. ओळख करून घे."

आणि जमलं. ग्वेननं हात पाठीमागे बांधून ठेवले होते, ते तिनं सोडले आणि लोरेटाच्या पाठीवर थाप मारली. लोरेटाला हसू फुटलं. स्वतःचा हात ती उलटासुलटा करून बघत राहिली, नवीन बांगडी बघावी तसा.

पलीकडच्या खोलीत कॉफी घेऊन ती खुर्चीत टेकली. खुर्ची हळूहळू होडी झाली. खाली स्कीना नदी वाहत होती, तिच्या माहेरची, रुंद आणि करडी. काठावर आई साल्मन मासे चिरून धुरीला टांगत होती, धुराचा गोड वास पाण्यावरून येत होता. आई म्हणाली, "आलीस का गं एकटी?" एकटी? लोरेटानं वळून पाहिलं. दूरवर डॅरिल काठावर पाठमोरा बसला होता. तिनं हाक मारली. तो वळेना. नदी वाहतच होती, आई मासे टांगतच होती, आणि कुणालाच कशाची घाई नव्हती.

तिनं डोळे उघडले. पेल्यातली कॉफी गार झाली होती.

पाच मिनिटांत येशील, म्हणाला होता. ती येणारच, रडत येणार, येऊन नजर ठेवणार, हे धरून त्यानं आपलं घेतलं असणार. ती दोन्ही वेळेला तशीच गेली होती ना! आज जमलं, म्हणून गेली नाही.

"ग्वेन!" ती ओरडली, पण आवाज कापसातून आल्यासारखा आला. पाय पाण्यातून ओढावे तसे ओढत ती दाराकडे निघाली. "डॅरिल... गल्लीत... एकटाच आहे!"

ग्वेन पिशवी उचलून तिच्या पुढे धावली. डॅरिल भिंतीशी कलंडला होता, ओठ निळे पडलेले. ग्वेननं दंडात उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, तोंडावर फुगा लावून श्वास भरायला लागली. लोरेटा त्याचं डोकं धरून बसली. "ये रे, मेल्या, ये परत," एवढंच ती म्हणत होती. गल्लीत ऊन पडलं होतं. कबुतरं शांतपणे दाणे टिपत होती.

तो मोठ्यानं श्वास ओढून खोकला. थरथर कापत त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या गुंगीनं मिटू पाहणाऱ्या डोळ्यांकडे, आणि त्याच्या लक्षात आलं.

"तुला कोणी दिलं?" मरणाच्या दारातून आलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न.

"मी. माझ्या हातानं."

लांबून अँब्युलन्सचा भोंगा ऐकू येत होता.

"मग आता माझ्यावर नजर कोण ठेवणार?" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"आत ठेवतात. मी उद्याही जाणार आहे. यायचं तर ये."

"आणि नाही आलो तर?"

असा प्रश्न त्यानं पूर्वी विचारला असता, तर घाबरून 'बरं, नाही जात मी' म्हणाली असती. आता तिला त्याची दया आली. प्रेमही आलं, भरपूर आलं. तिनं त्याचा गारठलेला हात चोळला आणि भीतीची वाट पाहिली. ती आली नाही.