मागून येणारा

"ताई, परीक्षा साखळीची घेतेयस की माझी?" भावाने विचारलं.

बाई ट्रेलरच्या कडेला उकिडव्या बसल्या. वर रोड रोलर चढवलेला होता आणि तो भावाने नमुन्याला आणलेल्या साखळ्यांनी जखडला होता. ड्रायव्हरने यार्डातच ट्रेलर फिरवून दोनदा करकचून ब्रेक मारला होता. मागच्या साखळीच्या काही कड्या आता एकमेकींत रुतून बसल्या होत्या.

"लांबल्यात," बाई म्हणाल्या. "आणि ठसा कुठंय? किती भार पेलते, काहीच लिहिलेलं नाही."

"बाजारात सगळे हीच नेतात."

"सगळ्यांच्या गाड्या मी बांधून देत नाही."

साखळ्या, पट्टे, हूक निवडून घेणं हे बाईंचं काम. नवरा गेल्यापासून त्या अवजड यंत्रं वाहून नेणाऱ्या या कंपनीच्या स्टोअरमध्ये होत्या. भावाने यंदा नोकरी सोडून साखळ्यांचं दुकान टाकलं होतं, ते मुख्यतः बहिणीच्या भरवशावर.

"ठशाचा माल आण, उद्या घेते," त्या म्हणाल्या.

"ही खपली की तो आणतो ना. एकदा तर घे."

तेवढ्यात मालक आले. "घरचाच माणूस आहे, बाई. घेऊन टाका. आजवर कधी काही झालंय का?"

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. काही झालं नव्हतं, ते कुणामुळे हे कुणी विचारत नव्हतं. उद्या झालं असतं, तर खापर मात्र त्यांच्याच डोक्यावर फुटलं असतं.

"तुम्हीच घ्या मग. माझ्या हातून नको."

मालकांनी साखळीकडे पाहिलं, रोलरकडे पाहिलं. "तुमचं तुम्ही बघा," म्हणत त्यांनी फोन कानाला लावला आणि ते निघून गेले. भावाने साखळ्या सोडवल्या आणि गोणीत भरल्या. बाई मदतीला वाकल्या, तेव्हा तो म्हणाला, "राहू दे."

ऑर्डर जुन्याच दुकानदाराला गेली. तो माल ठशाचा द्यायचा, पण फोन केला की वसकन अंगावर यायचा. त्या दिवशीही आला. बाईंनी निमूट ऐकून घेतलं.

घरी आईला सगळं आधीच कळलं होतं.

"पाठच्या भावाला दारातून परत पाठवलंस."

"आई, भर रस्त्यात साखळी तुटली तर रोलर खाली येतो. मागून येणाऱ्याचं काय?"

"मागून येणारा तुझा कोण लागतो?"

बाईंनी पोळी उलटली. ती करपली होती. "कोणी नाही," त्या म्हणाल्या.

आईने त्या आठवड्यात एवढंच सांगितलं, की ती आता मुलाकडे राहणार. बाईंनी एकदा थांब म्हणून पाहिलं, एकदा चिडून पाहिलं. रविवारी भाऊ टेम्पो घेऊन आला. आईचा पलंग, कपाट आणि शिलाई मशीन त्याने चढवलं, वरून दोरी फिरवून गाठ मारली. आई पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

बाईंनी कपाटाला हात लावून पाहिलं. ते डुललं. त्यांनी गाठ सोडली.

"ताई, दोन गल्ल्या तर जायचंय," भाऊ म्हणाला.

"ते टोक धर."

तो क्षणभर उभाच राहिला. मग त्याने टोक धरलं. बाईंनी दोरी टेम्पोच्या फळीच्या कडीतून ओवून घेतली, पाय लावून ओढली.

"अजून ओढ."

"ओढतोय."

गाठ बसल्यावर दोघांनीही एकदम हात काढले. भावाने कपाट हलवून पाहिलं आणि तो मागे सामानाजवळ चढून बसला.

टेम्पो वळणावरून गेला. कपाट जागचं हललं नाही. आईने मागे वळून पाहिलं नाही.

वर घरात येऊन बाईंनी आईचा पलंग होता तिथली धूळ काढायला घेतली. दोरीने तळहात सोलला होता, झाडू नीट धरता येईना. त्यांनी तो डाव्या हातात घेतला.