शेकड्यामागचे चार

सुमंगलाबाईंचा हिशेब साधा होता. तिसरीत सोळा मुलं. बारा पक्की, चार कच्ची. कच्च्यांची यादी त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती, मुलांना दिसू नये म्हणून. मुलांना ती तोंडपाठ होती.

यादीतलं चौथं नाव सिद्धीचं. ते गेल्या सोमवारी चढलं. शतक-दशक-एकक शिकवायला बाईंनी माडाचे हीर, म्हणजे झावळीच्या काड्या, आणवले होते. दहा हिरांची जुडी म्हणजे दशक, अशा दहा जुड्यांची मोळी म्हणजे शतक. सिद्धीने दोनशे अठ्ठेचाळीस मांडले: दोन मोळ्या, चार जुड्या, आठ हीर सुटे. शिवाय प्रत्येक मोळीच्या बाजूला चार-चार हीर. बाईंनी सगळे एकत्र करून मोजले. दोनशे छप्पन्न भरले.

"हे आठ कुठले गं?"

"शेकड्याचे वरचे, बाई. आजो तशेच मोजता."

"मग आजोलाच बसव तिसरीत."

वर्ग हसला. वर्ग हसला की आपण चांगलं शिकवतो असं बाईंना वाटे.

शनिवारी शाळेच्या आवारातले नारळ पाडले. मोजायला सिद्धीचे आजोबा, रघुनाथ, आले. दोन्ही हातांत दोन-दोन नारळ, अशा पंचवीस खेपा झाल्या. शंभर भरले, तसा त्यांचा हात सवयीने पुढे गेला आणि मागे आला.

"थांबलात का?" बाईंनी विचारलं.

"पयली शेकड्यामागे चार वर काडून बाजूक घालतालों. एखादो कुसको निघता, एखाद वेळ मोजणारो चुकता. घेणाऱ्याचा नुकसान नको. पण नात म्हणता, आजो, तुजो शंभर चुकता, बाईन सांगलां. तुमी शिकलेली माणसां. तुमचां बरोबरच आसतलां."

टोमणा असता तर बाईंनी परतवला असता. म्हातारा मनापासून बोलत होता.

बाजूक. पोरीनेही हीर बाजूलाच ठेवले होते. मिसळले ते बाईंनी.

वर्गात जाऊन त्यांनी यादीतलं चौथं नाव खोडलं. तरी मन काही हलकं होईना. बोलल्या होत्या पंधरा पोरांदेखत, खोडलं एकटीने. अशी जमा-खर्चाची तोंडमिळवणी होत नाही, एवढं तिसरीच्या बाईंना कळत होतं.

सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं: २४८ + ३७५. सिद्धीला पुढे बोलावलं. आठ आणि पाच तेरा. दहाची जुडी बांधली, तीन ठेवले. दशकं बारा झाली. दहांची मोळी बांधली, दोन उरली. मोळ्या सहा. सहाशे तेवीस. बाजूला एकही हीर नाही. उत्तर अचूक होतं, आणि बाईंना ते बघवेना.

"मुलांनो, गेल्या सोमवारी सिद्धीचे शंभर बरोबर होते. वरचे चार तिने वेगळे ठेवले होते, मी मिसळून मोजले. चूक माझी."

कोणी हसलं नाही. मागून साईशने विचारलं, "मग बाई, यादीत तुमचं नाव घालणार?"

"घालते."

सिद्धी हीर गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "आजोला मी शेजाऱ्यांसमोर 'तुजो शंभर चुकता' म्हटलं. सगळी हसली त्याला."

"शाळा सुटली की मी येते. सांगते त्यांना."

"तेव्हा घरात आजो एकटोच असता," सिद्धी म्हणाली. "सगळी असतील तेव्हा या."

बाईंनी वेळ विचारून घेतली.